मॅसी ३५ ला दुसरा पंप शोधताना – कामाच्या नोंदी

८ फेब्रुवारी

मामाचा मॅसी फर्ग्युसन ३५, तीन सिलिंडरचं पर्किन्स, शीळला वाड्यात उभा आहे. यंदा पावसाच्या आधी तो चिखलणीला तयार पाहिजे असं मामाचं म्हणणं आणि "डिझेल खातो पण काम करत नाही" ही तक्रार. आज दिवसभर त्याच्याच मागे होतो. सकाळी थंड असताना अर्ध्या सेल्फला चालू झाला, आवाजही छान, अर्धा तास चालवून बंद केला आणि मग परत चालू व्हायचं नावच घेईना, बॅटरी बसेपर्यंत फिरवला तरी नाही. मग माठातल्या पाण्यात फडकं भिजवून इंजेक्शन पंपावर (इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारा पंप) गुंडाळलं, पाच-दहा मिनिटं थांबलो, परत सेल्फ मारला तर लगेच पकडला.

ही खूण बऱ्याच जुन्या मेकॅनिक लोकांना माहीत असते. ह्या पंपात डिझेल दाबणारा रोटर पंपाच्याच हेडच्या आत फिरतो आणि दोघांमधली फट मायक्रॉनमध्ये असते, ती झिजून वाढली की थंड घट्ट डिझेलला कसंतरी प्रेशर बनतं, पण गरम होऊन डिझेल पातळ झालं की सेल्फच्या कमी स्पीडला ते त्या फटीतूनच निसटतं, इंजेक्टरपर्यंत दाब पोचतच नाही. पंप थंड केला की परत बनतो. म्हणजे नोझल, फिल्टर, लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ह्यांच्या मागे आता फार लागायचं नाही.

अजून एक, ऑइलची डिपस्टिक काढली तर लेव्हल मार्कच्या वर आणि ऑइलला डिझेलचा वास. मामा खूश होता की ट्रॅक्टर ऑइल खातच नाही! पंपाच्या शाफ्टचं सील गेलंय, डिझेल टायमिंग केसमधून सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन शेतात न्यायचं म्हणजे बेअरिंगची वाट, त्यामुळे ट्रॅक्टर आता बंद.

१२ फेब्रुवारी

पंप काढला. काढायच्या आधी पंपाच्या फ्लँजवरची (बोल्टने बसणाऱ्या कडेवरची) रेघ आणि टायमिंग केसवरची रेघ समोरासमोर आहेत त्याचा फोटो घेतला, पाइपांना एक-दोन-तीन टेप लावली.

पंप कॅव्ह कंपनीचा, डीपीए प्रकारचा. १९५० च्या दशकात हा प्रकार आला आणि मग मॅसी, फोर्ड, डेव्हिड ब्राउन, जो तो हाच लावत सुटला कारण एकाच पंपिंग एलिमेंटमधून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटलं जातं, छोटा, स्वस्त आणि स्वतःच्याच डिझेलवर वंगण होतो. आणि तीच त्याची दुखरी बाजू, डिझेलमध्ये पाणी आलं की वंगण संपलं.

संध्याकाळ पूर्ण नंबर प्लेटवर गेली. वरून ग्रीस, माती आणि कोणीतरी मारलेला निळा रंग. वायर ब्रश मारायचा नाही, ॲल्युमिनियमची पातळ प्लेट असते, अक्षरं उथळ ठोकलेली, एकदा ब्रश फिरला की गेली ती कायमची. डिझेलमध्ये भिजवलेला टूथब्रश, मग थिनरचा बोळा, मग कागद ठेवून शिसपेन्सिल घासली, आणि शेवटी खोलीतली लाइट बंद करून मोबाईलचा टॉर्च एकदम बाजूने तिरका धरून फोटो. ह्या शेवटच्या प्रकाराने जे डोळ्याला दिसत नव्हतं ते दिसलं: टाईप नंबर ३२३०एफ पासून सुरू, पुढचे आकडे अर्धवट. खाली सेटिंग कोड, त्याचे पहिले आकडे पुसलेले पण शेवटचे चार स्पष्ट. सीरियल नंबर अर्धा.

नंबर वाचायचा कसा हे इथेच लिहून ठेवतो. ३२ ने सुरू होणारा म्हणजे डीपीए. तिसरा आकडा सिलिंडर, इथे ३, चार सिलिंडरच्या पंपांना ३२४ आणि सहाला ३२६ दिसतं. चौथ्या आकड्यात प्रकार लपलेला असतो, पर्किन्सच्या तीन सिलिंडरमध्ये ३२३० वाले हायड्रॉलिक गव्हर्नरचे आणि ३२३३ वाले मेकॅनिकल गव्हर्नरचे असे सापडतात (गव्हर्नर म्हणजे लोड बदलला तरी इंजिनचा स्पीड धरून ठेवणारा भाग). एफ नंतरचे आकडे म्हणजे नेमकं कुठल्या इंजिनसाठी, कुठल्या सेटिंगला.

सेटिंग कोड तिरक्या रेघांनी तोडलेला असतो, उदाहरणार्थ ईएच३९/१२००/०/२४८०. ह्यात शेवटचा आकडा बघायचा, तो इंजिनचा जास्तीत जास्त नो-लोड स्पीड, म्हणजे काही लोड नसतानाचा. पंप इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो हे लक्षात ठेवून बाकीचे आकडे वाचायचे, दुसरा आकडा पंपाचा आरपीएम असतो.

आणि बॉडीवर किंवा हेडवर ७१ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो पंपाचा नंबर नाही, सुट्या पार्टचा आहे. ७१३५-११० म्हणजे डीपीएची गॅसकेट-सील किट, ७१११-२९६ म्हणजे तो सगळीकडे मिळणारा कॅव्ह फिल्टर. लोक असा नंबर फोटो काढून पाठवतात आणि "ह्याचा पंप पाहिजे" म्हणतात. वर पर्किन्सचा स्वतःचा नंबर वेगळा, २६४३ ने सुरू होणारा, मॅसीचा वेगळा. तीन कंपन्या, तीन नंबर, एकच पंप.

१५ फेब्रुवारी

कळंबोली. शीळफाट्यावरून मुंब्रा-पनवेल रोडने सरळ, रविवार असूनही तळोज्यापर्यंत ट्रेलरच्या मागे सरपटत गेलो. ट्रक टर्मिनलच्या बाजूला डिझेल पंपाच्या लॅब रांगेने आहेत, बहुतेकांकडे मायको कंपनीच्या पंपांचं काम जास्त, पण एक चाचा आहेत ज्यांनी डीपीएत हयात घालवली.

चाचांनी पंप उघडला. रोटरवर लांब उभे ओरखडे, म्हणजे पाणी किंवा बारीक गंज, टाकीतूनच आला असणार. हेड-रोटर जोडी म्हणून लॅप केलेले (एकमेकांत घासून जुळवलेले) असतात, एकाचा रोटर दुसऱ्याच्या हेडमध्ये घालायचा नाही, त्यामुळे पूर्ण जोडी बदलायची. ते एकवेळ जमलं असतं पण हाउसिंगमध्ये शाफ्टची जागाच खाल्लीय, नवीन सील घातलं तरी शाफ्ट हलत राहणार आणि सील परत जाणार. वर हायड्रॉलिक गव्हर्नरचे सुटे पार्ट आता शोधावे लागतात. चाचा म्हणाले, "ह्याच्यात पैसा घालू नको बेटा, दुसरा पंप बघ. पण हा फेकू नको, प्लेट तर अजिबात नको."

मी प्लेटसकट पंप परत घेऊन आलो. दुसरा पंप कुठला चालेल हे ह्याच प्लेटवरून ठरणार आहे.

२१ फेब्रुवारी

आठवडाभर फोन आणि फोटो. "मॅसी ३५ चा पंप आहे का" विचारलं की सगळ्यांकडे आहे! पण मॅसी ३५ म्हणजे नक्की कुठला? १९५९ च्या शेवटापर्यंत ह्याच नावाच्या डिझेल ट्रॅक्टरला स्टँडर्डचं २३सी चार सिलिंडर इंजिन होतं, त्यानंतर पर्किन्स ३.१५२ तीन सिलिंडर आलं. आणि आपल्याकडे टॅफे कंपनीचा मॅसी १०३५ इतका चाललाय की दुकानदार ३५ ऐकून १०३५ च काढतो, त्याचं सिम्पसन कंपनीचं इंजिन साधारण २४०० सीसी, आमचं १५२ क्यूबिक इंच म्हणजे अंदाजे २५०० सीसी. घराणं एकच पण पंपाचं सेटिंग एक असेलच असं नाही. म्हणून आता ट्रॅक्टरचं नाव घ्यायचंच बंद केलं, सरळ प्लेटचा फोटो मागतो.

आलेल्या फोटोंपैकी काही:

एका दुकानात चार सिलिंडरचा डीपीए होता आणि दुकानदार मनापासून सांगत होता की एक आउटलेट बंद करा, तीनला चालेल. चार सिलिंडरला पंपाच्या फेऱ्यात दर ९० अंशाला डिझेल सुटतं, आम्हाला दर १२० अंशाला पाहिजे. एक तोंड बुजवून बाकीच्यांचे अंश बदलत नाहीत. नको.

दुसरा एकदम चकाचक, काळा रंग, नवीन प्लेट, नवीन रिव्हेट. प्लेटवर टाईप नंबर ३२४ ने सुरू आणि हेडवर आउटलेट मात्र तीन. म्हणजे प्लेट एका पंपाची आणि अंग दुसऱ्याचं. आत काय भरलंय देव जाणे. रंग मारलेल्या पंपावर प्लेटचे रिव्हेट आधी बघायचे हे त्यातून डोक्यात बसलं.

तिसरा जरा विचार करायला लावणारा. ३.१५२ वरचाच पंप, तीन आउटलेट, तसाच फ्लँज, हब (गिअर बसतो तो भाग) पर्किन्सचा, प्लेटवरचा फिरण्याचा बाण आमच्यासारखाच. बाण ड्राइव्हच्या बाजूने बघून वाचायचा असतो, मागून बघितलं की उलटा वाटतो. सगळं जुळलं, किंमतही बरी. पण सेटिंग कोडचा शेवट १५०० च्या जरासाच वर. हा जनरेटरचा पंप. पन्नास सायकलचा चार पोलचा आल्टरनेटर १५०० आरपीएमला फिरतो, त्यामुळे गव्हर्नरची स्प्रिंग आणि लिंकेज असं निवडलेलं असतं की लोड आला-गेला तरी स्पीड जागचा हलू नये. ट्रॅक्टरला तो बोल्टने बसेल, चालूही होईल, आणि मामा रस्त्यावर चौथ्या गिअरला म्हणेल ह्याला झालंय काय. आमचं इंजिन २००० ला रेटेड आहे. नुसता मॅक्स स्पीडचा स्क्रू सोडवून हे सुटत नाही, गव्हर्नरची स्प्रिंग, लिंकचं भोक, सगळं बदलावं लागतं आणि मग परत बेंचवर, म्हणजे पंप फिरवून तपासायच्या मशीनवर. चाचांना विचारलं तर म्हणाले करता येईल, पण त्यापेक्षा ट्रॅक्टरचाच शोध.

१ मार्च

मामाच्या ओळखीतले एक काका आले होते, त्यांचा आग्रह की मायकोचा लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) बसवून टाका, नाशिकपर्यंत कुठेही दुरुस्त होतो. मुद्दा खोटा नाही. मायकोची प्लेट वाचायला तर अजून सोपी: पीईएस ३ ए ८० असं काही असेल तर पीई म्हणजे लाइन पंप, एस म्हणजे फ्लँजने बसणारा, ३ सिलिंडर, ए साइज, ८० म्हणजे प्लंजर ८ मिलिमीटर. शेवटी आर किंवा एल म्हणजे उजवा की डावा फिरणारा. गव्हर्नरवर आरएसव्ही ३००...११०० असं असलं तर ते पंपाचे आरपीएम, दुप्पट केले की इंजिनचे.

पण आमच्या टायमिंग केसला तो सरळ बसत नाही, ॲडॅप्टर प्लेट, कपलिंग, शाफ्टची सरळ रेष, वर त्याला स्वतःचं ऑइल लागतं, पाइप सगळे नवीन, आणि टायमिंग शून्यापासून. वागळे इस्टेटमध्ये असं काम करणारे आहेत, पण मग हा ट्रॅक्टर मॅसी ३५ राहत नाही असं माझं मत. काका चहा पिऊन गेले.

८ मार्च

सापडला बहुतेक. भिवंडी बाजूच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे, ३२३३एफ, मेकॅनिकल गव्हर्नर, मॅसीच्याच तीन सिलिंडर ट्रॅक्टरवरून उतरवलेला. रंग नाही, तेलकट, प्लेटचे रिव्हेट मूळचे, सेटिंग कोड पूर्ण वाचता येतो आणि शेवटचा आकडा आमच्या प्लेटच्या अगदी जवळचा. बाण जुळला. फ्लँजचे तीन स्टड आमचा जुना पंप उलटा धरून लावून बघितले, बसतात. हबची तीन भोकं आणि डॉवेलची खाच जुळली. हाताने फिरवला तर अडकत नाही, शाफ्ट वर-खाली हलवून बघितला, खेळ जाणवला नाही.

दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे गव्हर्नर. हायड्रॉलिक प्रकारात आतल्या ट्रान्सफर पंपाच्याच दाबावर मीटरिंग व्हॉल्व्ह तोलला जातो, सुटसुटीत पण डिझेल पातळ झालं, थोडी हवा आली की आयडलला इंजिन वर-खाली करतं. मेकॅनिकलमध्ये फिरणारी वजनं आणि स्प्रिंग, अंगाने लांब पण लोडला स्पीड जास्त धरून ठेवतो. मामा मळणी मशीन पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालवतो, त्याला हे बरंच पडेल.

दुसरी गोष्ट, हा पंप डी वाल्या इंजिनवरचा आहे. पर्किन्सच्या नावात डी असलं की डायरेक्ट इंजेक्शन, एडी३.१५२. आमचं साधं ए३.१५२. डिझेलची मात्रा आणि आतलं टायमिंग दोन्ही वेगळं. इथे बहुतेक जण "एकाच इंजिनचा आहे, लावा" म्हणून मोकळे होतात, मग धूर, ठोका आणि गरम होणं सुरू झालं की हेड गॅसकेटला शिव्या. पण हे दोन्ही बेंचवर बदलता येतं, आणि म्हणूनच जुनी प्लेट सांभाळली होती. पंप घेतला.

१४ मार्च

चाचांच्या बेंचवर. जुन्या प्लेटवरचा टाईप नंबर पुसट होता, पण जेवढं वाचता आलं त्यावरून आणि शेवटच्या चार आकड्यांवरून त्यांनी वहीतून टेस्ट प्लॅन (त्या पंपाच्या मात्रा-सेटिंगचा तक्ता) शोधून काढला. आधी पूर्ण उघडून सील किट बदलली. ह्यावर चाचांचा अनुभव असा की जुने रबर सील एवढी वर्षं नीट चालतात आणि हल्लीच्या डिझेलवर अचानक पाझरायला लागतात. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आहे, गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणलंय. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक गुळगुळीतपणाही जातो, म्हणून रिफायनरीत लुब्रिसिटी ॲडिटिव्ह घालतात आणि त्याची मर्यादा मानकात लिहिलेली आहे, त्यामुळे पंपावरून घेतलेल्या चांगल्या डिझेलला टू-टी ऑइल मिसळायची गरज मला तरी वाटत नाही. रॉकेल मिसळणाऱ्यांचं मात्र अवघड आहे.

मग बेंच. कॅलिब्रेशन ऑइल गरम करून घेतलं, ट्रान्सफर प्रेशर बघितला, तिन्ही आउटलेटची मात्रा काचेच्या नळ्यांत मोजली. पहिल्या फेरीला तिन्ही सारख्या आल्या तेव्हाच चाचांचा चेहरा खुलला, कारण हे हेड-रोटर चांगला असल्याचं लक्षण. सेल्फच्या स्पीडला गरम ऑइलवर मात्रा टिकते का हे मी मुद्दाम परत करून घेतलं, आमचा मूळ रोग तोच होता. टिकली. मग जास्तीत जास्त मात्रा आमच्या प्लॅनप्रमाणे खाली आणली.

आतलं टायमिंग शेवटी. डीपीएच्या बाजूला छोटं झाकण असतं, ते काढलं की ड्राइव्ह प्लेटवर अक्षरासमोर रेघ आणि सर्क्लिपची (स्प्रिंगसारख्या अर्धवट कडीची) सरळ कड दिसते. ही सर्क्लिप बेंचवर ठरलेल्या आउटलेटला दाब देऊन, ठरलेल्या अंशाला सरकवून बसवतात. म्हणजे बाहेरच्या फ्लँजच्या रेघा कितीही छान जुळवल्या तरी आतली सर्क्लिप दुसऱ्या इंजिनच्या हिशोबात असेल तर टायमिंग चुकीचंच. चाचांनी ती आमच्या इंजिनप्रमाणे लावली, सील केली. आमची जुनी प्लेट नवीन पंपाला लावायची नाही असं मीच सांगितलं, नाहीतर पुढच्याला तेच कोडं. त्याऐवजी पत्र्याची छोटी पट्टी करून तिच्यावर नवीन सेटिंग ठोकून घेतलं.

१९ मार्च

पाडवा. सकाळी गुढी, पूजा, श्रीखंड, आणि दुपारी वाड्यात. पंप बसवायच्या आधी टाकी उतरवून धुतली, तळाला तपकिरी चिखल आणि पाण्याचे थेंब, रोटरचा मारेकरी हाच. फिल्टर नवीन, लिफ्ट पंपची जाळी साफ.

मेकॅनिकल पंप लांब असल्यामुळे आउटलेट मागे सरकले, जुने हाय-प्रेशर पाइप पोचेनात. ते वाकवून ओढून बसवायचे नाहीत, तिन्ही नवीन करून घेतले होते, एकाच लांबीचे आणि एकाच भोकाचे, एखादा जवळ असला तरी त्याला जास्तीचा वळसा द्यायचा. थ्रॉटलचा रॉड दुसऱ्या कोनात आला म्हणून नवीन, स्टॉपची केबल वेगळी.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला आणून, मॅन्युअलच्या खुणेवर फ्लायव्हील थांबवून, झाकणातून रेघ बघून पंप घट्ट केला. हवा काढायचा क्रम: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाच्या हेडचा, मग गव्हर्नर कव्हरचा, हाताने लिफ्ट पंप मारत बिनबुडबुड्याचं डिझेल येईपर्यंत. शेवटी इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ. कोरडा पंप उगीच फिरवायचा नाही, त्याला वंगण डिझेलचंच आहे.

पकडला. थोडा पांढरा धूर, मग साफ. मामाने नारळ फोडला.

२२ मार्च

गरम चाचणी. तासभर चालवला, बंद केला, दहा मिनिटांनी सेल्फ, लगेच चालू. परत अर्ध्या तासाने, परत चालू. फडकं नको.

क्रँक पुलीला चमकती टेप लावून टॅकोमीटरने नो-लोड मॅक्स बघितला, ठोकलेल्या पट्टीवरच्या आकड्याजवळ आहे, स्क्रूला हात लावला नाही. आयडल थोडा वर होता तेवढा खाली घेतला. मळणी मशीन जोडून भाताचा पेंढा टाकला तर स्पीड जरा दबतो आणि लगेच सावरतो, पूर्वी गचके खायचा. मामाला फक्त एक खटकलं, आवाज "वेगळा" येतो.

५ एप्रिल

ऑइल बदलल्यानंतर डिपस्टिकवर रोज नजर आहे, लेव्हल वर गेलेली नाही, वास नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक पाझर होता, तांब्याचं वॉशर बदललं.

बाकी राहिलेलं: टाकीच्या खाली पाणी साठवणारी काचेची वाटी लावायची आहे. जुना पंप चाचा सुट्या भागांसाठी मागतायत, देईन, प्लेट सोडून. आणि मुरबाडवरून एकाचा फोन आलाय, त्यांच्याकडे फोर्डसन डेक्स्टा आहे, त्यांना सांगितलं की डेक्स्टाला सिम्सचा लाइन पंप येतो, ह्यातलं काही तिथे लागू नाही, आधी प्लेटचा फोटो पाठवा, टॉर्च बाजूने धरून.